नवापूर ते देवरी : एका रस्त्यावरचे प्रांतभेद



महाराष्ट्राच्या अंतर्गत प्रदेशांविषयी बोलताना आपण पाच-सहा नावे घेऊन मोकळे होतो. कोकण, पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, मराठवाडा, विदर्भ. नावे सोयीची आहेत आणि अर्थसंकल्पापासून पावसाच्या बातम्यांपर्यंत सगळीकडे चालतात. या सोयीतून एक समजूत मात्र नकळत पक्की होते. प्रत्येक नावामागे एकजिनसी मुलूख आहे, आणि त्याची हद्द ओलांडली की माती, जेवण, बोली, शेती सगळे एकदम बदलते, असे आपण धरून चालतो. ही समजूत तपासण्यासाठी मी आज एक रस्ता घेतला आहे : जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, आताचा क्रमांक ५३. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला तो गुजरातेतून महाराष्ट्रात शिरतो आणि साक्री, धुळे, जळगाव, भुसावळ, मलकापूर, खामगाव, अकोला, अमरावती, नागपूर, भंडारा, साकोली करत देवरीच्या पुढे छत्तीसगडात जातो. राज्याची पश्चिम-पूर्व रुंदी सुमारे आठशे किलोमीटरांत ओलांडणारा दुसरा इतका सलग रस्ता आपल्याकडे क्वचितच असेल. या रस्त्याने एकटा, सावकाश, मुक्काम करत जाणाऱ्या माणसाच्या लक्षात येणारे फरक आपल्या प्रांतांच्या नावांशी जुळत नाहीत, असे माझे म्हणणे आहे. दगड एका ठिकाणी बदलतो, पाणी दुसऱ्या, धान्य तिसऱ्या, बोली आणखी कुठे, आणि महसुलाचा इतिहास भलत्याच ठिकाणी. या रेषा एकमेकींवर बसत नाहीत. त्या बसतात असे गृहीत धरून आपण राज्य चालवतो, आणि त्याची किंमत कुणीतरी मोजत असते.

आरंभ नवापूरपासून करू. तिथल्या रेल्वे स्थानकातून महाराष्ट्र आणि गुजरातची सीमा जाते. तिकीट खिडकी एका राज्यात आणि स्टेशनमास्तरची कचेरी दुसऱ्या राज्यात असलेले हे स्थानक. सूचना चार भाषांत दिल्या जातात. १ मे १९६० रोजी नकाशावर ओढलेली रेघ फलाटावरच्या बाकापर्यंत येऊन पोचली, म्हणून लोक या स्थानकाकडे कौतुकाने पाहतात. पण स्थानकाबाहेर पडून आजूबाजूच्या शेतांत गेले तर त्या रेघेचा मागमूस नाही. दोन्हीकडे डोंगराळ मुलूख, दोन्हीकडे भिल्ल, गावित, कोकणा समाजांची वस्ती, दोन्हीकडे चांगला पाऊस आणि त्यामुळे भातशेती. महाराष्ट्राचा हा रस्ता भातानेच सुरू होतो, हे आपण लक्षात ठेवू. पुढे कोंडाईबारीचा घाट चढून साक्रीच्या बाजूला उतरले की काही किलोमीटरांतच झाडी विरळ होते, भात संपतो, बाजरी आणि ज्वारी सुरू होते. पाऊस अडवणारे डोंगर मागे राहिलेले असतात आणि धुळ्याकडे वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटरच पाणी पडते. म्हणजे राज्याची सीमा ओलांडताना जो बदल अपेक्षित होता, तो प्रत्यक्षात एकाच राज्याच्या आत, एका घाटात होतो. ज्या रेषेवर पाटी नाही ती रेषा ताटात दिसते.

घाटापासून नागपूरपर्यंत रस्ता एकाच दगडावरून चालतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा हा काळा पाषाण, आणि त्याच्या झिजेतून झालेली काळी कापसाची जमीन. या मातीचा स्वभाव प्रवाशाला चाकांखालून कळतो. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, हातभर खोल भेगा पडतात, आणि तिच्यावर बांधलेला रस्ता दरवर्षी खालून हलतो. अमरावती ते अकोला हा याच महामार्गाचा टप्पा वर्षानुवर्षे खड्ड्यांसाठी बदनाम होता. जून २०२२ मध्ये तिथे ७५ किलोमीटरची एक मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरीकरण करून जागतिक विक्रम नोंदवला गेला. बातम्यांत विक्रमाची वेळ आली, मातीचा उल्लेख फारसा आला नाही. पण त्या भागातल्या रस्त्यांची दुरवस्था फक्त ठेकेदारीने समजत नाही, त्यासाठी जमीनही बघावी लागते. ही काळी जमीन जळगाव जिल्ह्यात आहे, बुलढाण्यात आहे, अकोला-अमरावतीत आहे आणि वर्धा नदी ओलांडून कारंजा, कोंढाळीपर्यंत आहे. मुक्ताईनगरहून मलकापूरला जाताना आपण खानदेशातून वऱ्हाडात, म्हणजे रूढ भाषेत उत्तर महाराष्ट्रातून विदर्भात येतो. महसूल विभाग बदलतो, पालकमंत्री बदलतात, वर्तमानपत्राची आवृत्ती बदलते. कपाशीच्या शेतात उभ्या असलेल्या माणसाला मात्र यातले काहीच दिसत नाही. तुरीच्या ओळी तशाच, पऱ्हाटी तशीच, जिनिंगची आवारे तशीच.

उलट, ज्याला प्रांत म्हणून नाव नाही, ज्याचा म्हणून आमदार नाही, असा एक खराखुरा प्रदेश याच टप्प्यात रस्त्याला लागून आहे, आणि त्याच्यापाशी मला थोडे थांबायचे आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना बुलढाणा, अकोला आणि अमरावती या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा. नदीने आणलेल्या गाळाची इथे खोल भर आहे, पाण्याचा निचरा होत नाही, आणि जमिनीखालचे पाणी खारे आहे. विहीर खणली तर पाणी लागते, पण ते पिऊन तहान भागत नाही. शेताला दिले तर जमीन हळूहळू चिबडते आणि काही वर्षांत हातची जाते. म्हणून ज्या जमिनीखाली पाणी आहे तिथे शेतकरी कोरडवाहूच राहतो, पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर हरभरा काढतो, आणि पिण्याचे पाणी वानसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणांतून नळाने येण्याची वाट पाहतो. तिथल्या घरात माठाच्या बाहेरच्या अंगाला पांढरा क्षार फुललेला दिसतो. डाळ शिजायला वेळ लागतो. मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार गावोगाव ऐकू येते. अकोला शहरात मुक्काम करून दक्षिणेला पातूरकडे गेलेला माणूस आणि उत्तरेला दहीहंड्याकडे गेलेला माणूस एकाच जिल्ह्याचे दोन वेगळे अहवाल घेऊन परत येतील, आणि दोघांचेही खरे असतील. २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातल्या खारपाण गावांचा वेगळा विचार झाला ही समाधानाची गोष्ट आहे. पण त्या पट्ट्यातल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जे सांगितले ते सरकारी आखणीत यायला इतकी वर्षे का लागली? माझे उत्तर असे, की आपली आकडेवारी जिल्ह्याच्या आणि विभागाच्या खणांत गोळा होते, आणि पाणी ते खण पाळत नाही. सरासरी काढली की खारे पाणी गोड पाण्यात मिसळून जाते.

आता नागपूरच्या पुढे. इथे या रस्त्यावरचा सगळ्यात मोठा बदल होतो आणि आपल्या बोलण्यात तो सगळ्यात कमी येतो, कारण दोन्ही बाजूंना आपण विदर्भ हे एकच नाव दिले आहे. काळ्या पाषाणाची चादर नागपूरच्या आसपास संपते. पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडतात. भूगर्भशास्त्रज्ञांनी त्यातल्या एका समूहाला याच रस्त्यावरच्या साकोलीचे नाव दिले आहे. जमीन पिवळसर, तांबूस होते. पाऊस, जो अकोल्याला साडेसातशे-आठशे मिलिमीटरच्या आसपास आणि नागपूरला हजाराच्या पुढेमागे असतो, तो गोंदियाकडे तेराशेच्या घरात जातो. मौदा मागे पडून वैनगंगा जवळ आली की कपाशी दिसेनाशी होते आणि बांध घातलेल्या धानाच्या बांध्या सुरू होतात. नवापूरला जो भात सोडला होता तो सातशे किलोमीटरांनंतर पुन्हा भेटतो, आणि दोघांच्या मध्ये बाजरी, ज्वारी, केळी, कापूस, संत्री असा अख्खा मुलूख पसरलेला असतो. या धानामागे तलाव आहेत. कोहळी समाजाने गोंड आणि भोसले राजवटींत बांधलेले हे हजारो तलाव उताराचा अंदाज घेऊन, मातीची पाळ घालून, एकाचे जास्तीचे पाणी दुसऱ्यात जाईल असे रचलेले आहेत. देवरीपासून फार दूर नसलेला नवेगावबांध हे त्याचे मोठे उदाहरण. इंग्रजी अमलात ते मालगुजारांच्या, म्हणजे गावचा सारा भरणाऱ्या जमीनमालकांच्या, ताब्यात आले, १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. आजही सरकारी कागदांत त्यांचे नाव माजी मालगुजारी तलाव असे आहे, आणि लोक त्याचे मामा तलाव करतात. निस्ताराचे, म्हणजे गावाच्या सामाईक वापराचे, हक्क, पाळीची दुरुस्ती, गाळ काढणे, मासेमारी, हे सगळे पूर्वी गावाच्या हातात होते. मालकी बदलल्यावर दुरुस्तीची जबाबदारी कुणाची यावर वर्षे गेली आणि तलाव गाळाने भरत राहिले.

धानाने इथे कलेचेही वेळापत्रक ठरवले आहे. या धानाच्या मुलखाची, म्हणजे झाडीपट्टीची, रंगभूमी दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि होळीपर्यंत चालते, कारण तेव्हा धान घरात आलेले असते, हातात पैसा असतो आणि बांध्या मोकळ्या असतात. गावात मंडई भरते किंवा बैलांच्या शर्यतीचा शंकरपट असतो, पाहुणे येतात, आणि रात्री शेतात मांडव घालून पहाटेपर्यंत नाटक चालते. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या कंपन्यांचे केंद्र. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत त्या फिरतात. पुण्या-मुंबईच्या व्यावसायिक नाटकाला प्रेक्षक मिळत नाहीत अशी चर्चा ज्या वर्षांत चालू होती, त्याच वर्षांत इथे हजारोंच्या गर्दीत नाटके होत होती. हे वैभव अमरावती-अकोल्याला नाही, याचे कारण रसिकतेत शोधू नये. कापसाचा पैसा वेगळ्या वेळी आणि वेगळ्या रीतीने येतो, वेचणी अनेक वेळा होते, आणि धान कापून झाल्यावर जशी सगळ्या गावाला एकदम उसंत मिळते तशी कपाशीच्या गावाला मिळत नाही. खडक, माती, तलाव, धान, उसंत, नाटक, अशी ही साखळी आहे, आणि तिची एक कडी काढून बाकीच्या समजत नाहीत.

बोलीचे काय होते ते थोडक्यात पाहू. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात मराठीचा खंड १९०५ मध्ये काढला आणि खानदेशीला मात्र १९०७ च्या भिल्ल भाषांच्या खंडात बसवले. २०११ च्या जनगणनेतही खानदेशी ही मराठीहून वेगळी नोंदली असून तिचे साडेअठरा लाखांहून अधिक भाषक आहेत. रस्त्यावरून ऐकत गेले तर चित्र इतके तुटक नाही. अहिराणीतला 'मना', 'तुना' हा षष्ठीचा प्रत्यय गुजरातीशी नाते सांगतो आणि जळगावच्या पुढे विरत जातो. द्वितीयेचा 'ले' मात्र अहिराणीत आहे, वऱ्हाडीत आहे, नागपूरकडे आहे आणि झाडीबोलीतही आहे. जवळजवळ सगळा रस्ता तो सोबत करतो, जो पुण्याच्या मराठीत मुळीच नाही. 'ळ'चा उच्चार पश्चिमेला 'य'कडे झुकतो, म्हणून डोळा 'डोया' होतो, आणि झाडीबोलीत तो 'र' होतो. तीन लकबी, तीन वेगळे पल्ले, आणि एकही पल्ला खानदेश-विदर्भाच्या हद्दीवर संपत नाही. झाडीबोलीचे वेगळेपण डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्यभर कष्टाने मांडले. डेक्कन कॉलेजच्या बोलींच्या सर्वेक्षणानेही जिल्ह्याजिल्ह्यांतून असेच नमुने गोळा केले. दोन्ही कामे लोकांपर्यंत जितकी पोचायला हवीत तितकी पोचलेली नाहीत.

मग ही प्रांतांची नावे आली कुठून? मुख्यतः महसुलातून आणि तहांतून. खानदेश १८१८ नंतर मुंबई इलाख्यात गेला. वऱ्हाड निजामाचे होते, १८५३ च्या तहाने इंग्रजांकडे कारभारासाठी आले, १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने दिले गेले आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडले गेले. नागपूर भोसल्यांचे, ते खालसा होऊन पुढे मध्यप्रांताची राजधानी झाले. वऱ्हाड आणि मध्यप्रांत यांच्यातली हद्द वर्धा नदी. मोझरी, तिवसा सोडून तळेगावकडे जाताना हा रस्ता ती ओलांडतो. नदीच्या अलीकडे रयतवारी, पलीकडे मालगुजारी, असा जमीनधारणेचा मोठा फरक शंभर वर्षे टिकला. पण पीक तेच राहिले, कारण दगड तोच होता. दगड बदलला तो आणखी शंभरेक किलोमीटर पूर्वेला, आणि तिथे कुठलीच राजकीय हद्द नव्हती. इतिहासाने पाडलेले भेद खोटे आहेत असे मी म्हणत नाही. ते सातबाऱ्यात, जुन्या वाड्यांत, कोर्टाच्या भाषेत, जातींच्या आर्थिक स्थितीत खोल रुतलेले आहेत. माझा आग्रह इतकाच, की त्या एका भेदाला बाकी सगळ्या भेदांचे मुखत्यारपत्र देऊ नये.

हे सगळे पुस्तकांतून कळतेच, त्यासाठी रस्त्यावर कशाला जायचे, आणि तेही एकट्याने कशाला, असा प्रश्न रास्त आहे. पुस्तके विषयवार असतात. भूगर्भाच्या ग्रंथात नाटक नसते, आणि बोलीच्या सर्वेक्षणात विहिरीचे पाणी नसते. रस्त्यावर मात्र हे सगळे एकाच दिवसात, एकाच माणसासमोर, त्यांच्या खऱ्या अंतरांसह येते. कोणता बदल कुठे सुरू होतो आणि किती लांबीत पुरा होतो हे सलग गेल्याशिवाय समजत नाही. एकटेपणाचा संबंध कुतूहलापेक्षा गरजेशी आहे. चौघे मिळून निघाले की घरची चटणी, घरची भाषा आणि घरचे विषय बरोबर निघतात, आणि गाडीच्या काचेबाहेरचे जग दृश्य होऊन राहते. एकट्याला वाट विचारावी लागते, खानावळीत शेजारी बसलेल्याशी बोलावे लागते, समोर येईल ते खावे लागते. आपल्या परंपरेला ही रीत अपरिचित नाही. गुजरातेतल्या भडोचहून निघून विदर्भात आलेल्या चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लीळाचरित्रात संकलित केल्या, त्यातला एकांक हा भाग त्यांच्या एकट्याच्या भ्रमंतीचा आहे. आणि चक्रधरांच्या याच महानुभाव परंपरेने महाराष्ट्राची जी व्याख्या केली ती आजच्या पुष्कळ व्याख्यांहून मला शहाणी वाटते. तिने देशाची अनेक मंडळे सांगितली, वऱ्हाड हे त्यातले एक, प्रत्येकात भाषा थोडीथोडी पालटते हे मान्य केले, आणि तरी सगळी मिळून महाराष्ट्रच, असे ठरवले.

मात्र एकटा प्रवासी म्हणजे स्वच्छ, निःपक्ष डोळा असे मानणे चुकीचे ठरेल, आणि या आक्षेपाला मी सर्वांत जास्त वजन देतो. वाट कुणाला सांगितली जाते आणि पाणी कुणाला विचारले जाते, हे प्रवाशाच्या जातीवर आणि लिंगावर ठरत आले आहे. १९२९ मध्ये अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य म्हणून डॉ. आंबेडकर खानदेशात फिरत होते. चाळीसगावला त्यांना अस्पृश्यांच्या वस्तीपर्यंत न्यायला एकही टांगेवाला तयार झाला नाही. वस्तीतल्या लोकांनी टांगा मिळवला, तो हाकायला सवय नसलेला माणूस बसवला, आणि नदीवरच्या मोरीपाशी टांगा आदळून बाबासाहेब दगडांवर फेकले गेले. ते बॅरिस्टर होते, सरकारी कामावर होते, आणि तरीही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे लिहून ठेवले आहे. त्याच गावातून त्याच काळात गेलेल्या सवर्ण प्रवाशाने कदाचित खानदेशी पाहुणचाराचे गोडवे गायले असते. आजही बाई एकटी लांबच्या रस्त्याने निघाली तर तिला संध्याकाळच्या आत मुक्काम गाठावा लागतो, आणि ढाब्यावर पुरुषाला जे बोलणे सहज ऐकू येते ते तिला येत नाही. यातून मी प्रवास निरर्थक असा निष्कर्ष काढत नाही. एका प्रवाशाची वही पुरत नाही, वेगवेगळ्या माणसांच्या वह्या शेजारी ठेवल्या पाहिजेत, असा काढतो. एखाद्या गावाविषयी दोन वह्यांत जो फरक पडेल तो त्या गावाविषयीची सर्वांत महत्त्वाची नोंद असेल.

दुसरा आक्षेप उथळपणाचा. महामार्गावर सगळीकडे तेच पंजाबी ढाबे, तेच पेट्रोलपंप. प्रवासी दोन माणसे भेटून वऱ्हाडी माणूस ऐसपैस, खानदेशी माणूस तिखट असे ठोकताळे बांधतो. पहिला भाग खरा आहे. रस्ता सोडून आठवडी बाजारात गेल्याशिवाय काही हाती लागत नाही. कोणत्या धान्याचे ढीग आहेत, भाजीवाली कोणत्या बोलीत भाव करते, खारवलेले मासे आहेत की सुकी मिरची, शेवेच्या भाजीची शेव आहे की पोह्याचे पोते, हे पाहायला तासभर पुरतो. ठोकताळ्यांविषयी मी कडक आहे. स्वभावाच्या नोंदी करूच नयेत. ऐसपैसपणाला कारण दाखवता येत नाही, मोजताही येत नाही, आणि तो बहुतेक वेळा घरून निघतानाच मनात भरलेला असतो. पाणी, धान्य, घराचे छप्पर, मजुरीचा हंगाम, शब्दांचे प्रत्यय यांची नोंद घेतली तर दुसऱ्याला ती खोडता येते. जी नोंद दुसऱ्याला खोडता येत नाही तिची किंमत मला शून्य वाटते.

तिसरा आक्षेप काळाचा : सिमेंट, दूरचित्रवाणी, रेशनचा गहू यांनी सगळे सारखे करून टाकले, आता टिपायचे काय? या आक्षेपाचे उत्तर सोयाबीनने दिले आहे. गेल्या तीन-चार दशकांत हे परके पीक विदर्भात आले, ज्वारी आणि मूग-उडदाचे क्षेत्र त्याने खाल्ले, आणि त्याबरोबर ज्वारीची भाकरी व कडबाही कमी झाला. जनावरे कमी होण्यामागेही हे एक कारण आहे. पण हे पीक पसरले कुठे? काळ्या जमिनीवर. वैनगंगेच्या पलीकडे धानाच्या बांधीत ते रुजले नाही. नव्या बाजारपेठेने आणलेल्या पिकाने साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची रेघ पुन्हा गिरवली. सारखेपणा येतो आहे हे खरे, पण तो सगळीकडे सारखा येत नाही, आणि कुठे अडतो ते पाहिले तर खालचा मूळ फरक उघडा पडतो.

उरला आणखी एक गंभीर आक्षेप. भेद दाखवत राहिल्याने राज्य दुभंगते, संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसांनी प्राण दिले ते यासाठी नव्हे, असे म्हणणारी माणसे प्रामाणिक आहेत आणि त्यांची भीती निराधार नाही. राज्यांच्या पुनर्रचनेसाठीच्या फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, नागपूर करारात विदर्भाला दिलेली आश्वासने किती पाळली गेली यावर आजही वाद आहे. पण राज्याने भेद पाहिलेच नाहीत असे नाही. त्याने ते एका विशिष्ट मापाने पाहिले. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये विकासाचा जिल्हावार अनुशेष मोजला, तो ३,१८६ कोटी रुपयांच्या घरात निघाला, त्यातला सुमारे १,२४६ कोटींचा विदर्भाचा होता. ते काम मोलाचे होते, कारण अन्यायाची भाषा त्याने आकड्यांवर आणली. पुढे वैधानिक विकास मंडळे आली आणि विदर्भ, मराठवाडा, उर्वरित महाराष्ट्र हे तीन गठ्ठे हिशेबाचे कायमचे खाते झाले. त्या खात्यात यवतमाळच्या कपाशीच्या शेतातली विहीर आणि गोंदियाचा गाळाने भरलेला तलाव एकाच बेरजेत गेले. जुलै २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर पंतप्रधानांनी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले ते अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी. सगळे सहा कापसाच्या काळ्या पट्ट्यातले, आणि त्यातला वर्धा जुन्या वऱ्हाडाबाहेरचा. बातम्यांत शब्द विदर्भ राहिला, पण संकटाने आपली सीमा जमिनीप्रमाणेच आखली होती. जळगावच्या कोरडवाहू कापूस शेतकऱ्याचे दुःख त्याच जातीचे होते. तो केवळ नावाने पलीकडे पडला. फरक बारकाईने पाहिला असता तर त्याच्यापर्यंत काही पोचले असते. म्हणून भेद पाहण्याने एकी तुटते असे मला वाटत नाही. मलकापूर आणि मुक्ताईनगरचे शेतकरी एकाच रांगेत उभे आहेत हे दाखवणारी नजर राज्याच्या तीन गठ्ठ्यांपेक्षा जास्त जोडणारी आहे. आणि जिथे शासनाने हवामानाचा फरक साधेपणाने मान्य केला तिथे काहीच बिघडलेले नाही. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि त्यामुळे कुणी कुणापासून दूर गेले नाही.

मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. दुचाकीला तिथे प्रवेश नाही, दोन्ही बाजूंना कुंपण आहे, मोटार ताशी १२० किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. मालवाहतुकीला आणि रुग्णवाहिकेला त्याचा उपयोग आहे, त्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. त्या रस्त्याने गेलेल्या माणसाला मधला मुलूख दिसला असे मात्र त्याने समजू नये. क्रमांक ५३ अजून गावांतून जातो, आणि तो तीन विद्यापीठांच्या हद्दींतून जातो : जळगावचे, अमरावतीचे आणि नागपूरचे. माझी सूचना या तिन्हींना आहे. समाजशास्त्र, भूगोल, मराठी आणि कृषी या विषयांच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी हा रस्ता एकेकट्याने, बसने किंवा दुचाकीने, पंधरा दिवसांत करू द्यावा. वेगवेगळ्या समाजांतल्या मुलामुलींना पाठवावे, आणि मुलींच्या मुक्कामाची सोय रस्त्यावरच्या महाविद्यालयांनी करावी. वहीत दर तालुक्याला तेच रकाने असावेत : विहिरीचे पाणी, बाजारातले धान्य, मजुरीचा हंगाम आणि दर, छपराचे साहित्य, ठरावीक वीस शब्दांचे उच्चार, आणि पाणी मागितल्यावर कुणी काय विचारले. जळगावच्या मुलाने सुरुवात देवरीपासून करावी, नागपूरच्या मुलीने नवापूरपासून, आणि अमरावतीच्या विद्यार्थ्यांना दोन्हींपैकी कोणतेही एक टोक मिळावे, कारण ती मुले मधली आहेत आणि त्यांना घराजवळून सुरुवात करण्याचा मोह सर्वांत जास्त होईल.